कॅप्स लॉकच्या जागेचे काय करावे?

मराठी लिहिणाऱ्याच्या कीबोर्डवर एक ऐसपैस कळ बिनकामाची पडून असते. डाव्या करंगळीला लागून, 'ए'च्या शेजारी असलेली कॅप्स लॉक. देवनागरीत लहान अक्षर आणि मोठे अक्षर असा भेदच नाही, त्यामुळे मराठीत तिला काम उरत नाही. इंग्रजीतही सबंध वाक्य मोठ्या अक्षरांत लिहायची वेळ सरकारी फॉर्म सोडले तर क्वचितच येते. उलट मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून परत मराठीत जाणे हे आपले दर दोन ओळींचे काम. ईमेलचा पत्ता आला, कंपनीचे नाव आले, एखादी लिंक द्यायची झाली की भाषा बदला. त्यासाठी मात्र दोन कळा एकदम दाबाव्या लागतात आणि हात आपल्या जागेवरून हलतो.

भाषा बदलण्याचे काम कॅप्स लॉकला द्यायचे, ही अदलाबदल करता येते. बहुतेक संगणकांवर ती थोड्या मिनिटांची आणि फुकटची गोष्ट आहे. तरी दिवसभर कीबोर्डवर बसणारी माणसे, म्हणजे अनुवादक, डीटीपी ऑपरेटर, पत्रकार, कचेरीतले लिपिक, ती करताना दिसत नाहीत. कळेवर जे छापले आहे तेच तिचे काम, असे आपण धरून चालतो. पण ती केवळ छपाई आहे. कोणत्या कळेने काय करायचे हे संगणक ठरवतो, आणि काय ठरवायचे ते त्याला आपण सांगू शकतो.

आजची मांडणी कशी जमत गेली हे पाहिले की तिचा धाक बराच कमी होतो. धरून ठेवायच्या कळांना तंत्राच्या भाषेत मॉडिफायर म्हणतात, आणि त्यांतली सर्वांत जुनी शिफ्ट. १८७८ साली आलेल्या रेमिंग्टन नंबर २ या टाइपरायटरवर ती पहिल्यांदा दिसली. प्रत्येक दांडीच्या टोकाला दोन अक्षरे कोरलेली असत, एक लहान आणि एक मोठे. शिफ्ट दाबली की कागद धरणारा रूळ खरोखरच सरकायचा आणि दुसरे अक्षर उमटायचे. सबंध शीर्षक मोठ्या अक्षरांत काढायचे तर करंगळीवर तो भार किती वेळ पेलणार? म्हणून ती खाली अडकवून ठेवणारी शिफ्ट लॉक आली. कॅप्स लॉक ही तिची वारसदार. सरकणारा रूळ गेला, भार गेला, कळ राहिली.

कंट्रोलचा उगम वेगळा. ती टेलिप्रिंटरच्या काळातली. १९६३ साली ठरलेल्या ॲस्की संकेतावलीत प्रत्येक अक्षराला क्रमांक मिळाला, आणि पहिले बत्तीस क्रमांक अक्षरांऐवजी हुकमांसाठी राखले गेले. घंटा वाजव, एक घर मागे ये, ओळीच्या सुरुवातीला जा, असे हुकूम. कंट्रोल धरून अक्षर दाबले की त्याच्या क्रमांकातून ६४ वजा व्हायचे. 'जी'चा क्रमांक ७१, म्हणून कंट्रोल-जी म्हणजे ७, घंटा. 'एच' ७२, म्हणून कंट्रोल-एच म्हणजे ८, बॅकस्पेस. 'एम' ७७, म्हणून कंट्रोल-एम म्हणजे १३, आपले एंटर. हा साठ वर्षांपूर्वीचा हिशेब अजून चालू आहे. लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनल उघडून कंट्रोल-एम दाबून पाहा, एंटर दाबल्यासारखेच होईल. याच कारणाने टर्मिनलमधल्या पुष्कळ प्रोग्रॅमना कंट्रोल-आय आणि टॅब यांतला फरक कळत नाही, कारण दोन्हींचा क्रमांक ९. तिथे कंट्रोल-आयला वेगळे काम द्यायला जाणारा माणूस सेटिंग पुन्हा पुन्हा तपासत बसतो. सेटिंगमध्ये चूक नसतेच. दोन वेगळ्या कळा त्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचेपर्यंत एकच होऊन गेलेल्या असतात.

आता जागेची गोष्ट. १९८१च्या आयबीएम पीसीचा कीबोर्ड ८३ कळांचा होता. त्यावर 'ए'च्या डावीकडे कंट्रोल होती, आणि कॅप्स लॉक खाली स्पेसबारच्या उजव्या बाजूला. त्याच दशकाच्या मध्यात आयबीएमने १०१ कळांचा नवा कीबोर्ड काढला, त्यात कॅप्स लॉक वर 'ए'पाशी गेली आणि कंट्रोल खालच्या कोपऱ्यात. इतर कंपन्यांनी तीच मांडणी उचलली. सगळ्यांनी मान्य केली असे मात्र नाही. जपानी संगणकशास्त्रज्ञ एइइती वादा यांच्या कल्पनेतून १९९६ साली निघालेल्या हॅपी हॅकिंग कीबोर्डवर कंट्रोल 'ए'शेजारीच आहे. बहुतेक क्रोमबुकवरही त्या जागी कॅप्स लॉक नसून शोधाची कळ असते.

कोपऱ्यातल्या कंट्रोलचा भार कोण सोसते? करंगळी. हाताचे सर्वांत दुबळे बोट वाकडे करून, खाली नेऊन, दाबून धरायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या बोटाने अक्षर दाबायचे, असे दिवसभर. मॅकवर हेच काम कमांड कळ करते. ती स्पेसबारला लागून असल्यामुळे अंगठ्याने दाबली जाते, आणि अंगठा हे दणकट बोट. मॅककडून विंडोजकडे आलेल्या माणसाचे मनगट पहिल्या आठवड्यात कुरकुरते ते यामुळे. इमॅक्स हा कंट्रोलवर सतत अवलंबून असलेला मजकूर-संपादक प्रोग्रॅम वापरणाऱ्यांमध्ये तर करंगळीच्या दुखण्याला 'इमॅक्स पिंकी' असे नावच पडले आहे. इमॅक्सच्या जडणघडणीशी जोडलेल्या एमआयटीतल्या लिस्प यंत्रांचा कीबोर्ड वेगळाच होता. 'स्पेस कॅडेट' नावाच्या त्या कीबोर्डवर सात मॉडिफायर होते, त्यांत मेटा, सुपर आणि हायपर अशा कळा. तो कीबोर्ड गेला, नावे मागे राहिली. लिनक्सवर विंडोज कळेला आजही 'सुपर' म्हणतात.

अनडू, कट, कॉपी, पेस्टची चार अक्षरे मात्र विचारपूर्वक निवडलेली आहेत आणि ती हलवू नयेत असे माझे ठाम मत आहे. कट-कॉपी-पेस्टची कल्पना लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात, जिप्सी या संपादकात घडवली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले, आणि १९८३च्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही ही ओळीने शेजारी असलेली चार अक्षरे या कामाला लागली. उजवा हात माउसवर असताना डाव्या हाताला न शोधता सापडतील अशी ती आहेत. आयबीएमने १९८७ साली आपली निराळी पद्धत मांडली होती. शिफ्ट-डिलीटने कट, कंट्रोल-इन्सर्टने कॉपी, शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट. ती मागे पडली, पण विंडोजमध्ये बहुतेक ठिकाणी आजही चालते. 'सी' किंवा 'व्ही'ची कळ बिघडली तर नवा कीबोर्ड येईपर्यंत तिच्यावर काम निघते.

कळ दाबल्यावर आत नेमके काय होते, ते थोडे पाहू, कारण बदल कुठे करायचा हे त्यावरच ठरते. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कळेच्या जागेचा क्रमांक पाठवतो. 'के' छापलेली कळ दाबली की संगणकाला 'के' कळत नाही, अमुक जागेची कळ खाली गेली एवढेच कळते. यूएसबी कीबोर्डचा सर्वांत साधा संदेश आठ बाइटचा असतो. त्यातला पहिला बाइट फक्त मॉडिफायरसाठी राखलेला. आठ बिट, आठ कळा: डावी-उजवी कंट्रोल, डावी-उजवी शिफ्ट, डावी-उजवी ऑल्ट, डावी-उजवी विंडोज. दुसरा बाइट मोकळा, आणि उरलेल्या सहांत त्या क्षणी दाबलेल्या इतर कळांचे क्रमांक. डावी आणि उजवी कळ अशी मुळातच वेगळी कळत असल्यामुळे डाव्या ऑल्टला एक आणि उजव्या ऑल्टला दुसरे काम देता येते. कॅप्स लॉक या आठांत नाही. ती अक्षरांच्या रांगेतली साधी कळ आहे, आणि दाबल्यावर दिवा लावायचा की आणखी काही करायचे हे संगणकाच्या हातात असते.

क्रमांक आला की ऑपरेटिंग सिस्टिम आधी तो बदलायचा आहे का ते पाहते. मग कीबोर्डची मांडणी, म्हणजे इंग्रजी किंवा मराठी, त्या क्रमांकाचे अक्षर करते. शेवटी समोर उघडलेला प्रोग्रॅम हे अक्षर आहे की शॉर्टकट ते ठरवतो. मराठीची इनस्क्रिप्ट ही मांडणी चालू असताना 'सी'च्या कळेवर म उमटतो, तरी कंट्रोल धरून तीच कळ दाबली की कॉपी होते. याचे कारण विंडोज शॉर्टकटसाठी अक्षर पाहत नाही, कळेला दिलेले आतले नाव पाहते, आणि मराठी मांडणीतही ते नाव 'सी'च असते. व्हिमसारख्या संपादकात मात्र उलटा प्रकार होतो. तिथे हुकूम म्हणजे साधी अक्षरेच. खाली जायला 'जे' दाबायचा, पण मराठी चालू असेल तर त्याला र मिळतो, आणि र हा त्याच्या माहितीचा हुकूम नाही. त्यासाठी व्हिममध्ये 'लँगमॅप' नावाची सोय आहे, ज्यात र आला तर तो 'जे' समजावा असे लिहून ठेवता येते.

मॉडिफायर कळांचा सर्वांत सुंदर उपयोग मला इनस्क्रिप्टमध्येच दिसतो, आणि त्याबद्दल मराठीत फारसे बोलले जात नाही. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली आयएस १३१९४ या मानकात ही मांडणी दिली. डाव्या हाताला मुख्यतः स्वर, उजव्या हाताला मुख्यतः व्यंजने. उजवा हात मधल्या ओळीवर ठेवा. बोटांखाली प, र, क, त, च, ट येतात. र सोडला तर प्रत्येक वर्गाचे पहिले अक्षर. आता तेच बोट एक ओळ वर न्या. पच्या वर ब, कच्या वर ग, तच्या वर द, चच्या वर ज, टच्या वर ड. प्रत्येक वर्गाचे तिसरे अक्षर. मग शिफ्ट धरा. कचा ख होतो, गचा घ, तचा थ, दचा ध, पचा फ, बचा भ. दहा कळा आणि एक शिफ्ट, त्यात पाच वर्गांची वीस व्यंजने बसली. डाव्या हाताकडे शिफ्टचे काम वेगळे. नुसती कळ दाबली की मात्रा, शिफ्टसह दाबली की पूर्ण स्वर. ा आणि आ एका कळेवर, ि आणि इ एका कळेवर, आणि हलन्ताच्या कळेवर शिफ्टसह अ. रोमन लिपीत अक्षर मोठे करण्यापुरती असलेली कळ इथे वर्णमालेच्या रचनेशी जोडली गेली आहे. शाळेत घोकलेला कखगघङ बोटांना आधीच पाठ असतो, फक्त त्याची दिशा समजावी लागते.

एका शिफ्टने किती फरक पडतो ते 'दर्या' आणि 'दऱ्या' या दोन शब्दांत बघा. कोकणातला दर्या आणि सह्याद्रीतल्या दऱ्या. रोमन कळांच्या नावांनी सांगायचे तर 'दर्या'साठी ओ, जे, डी, स्लॅश, ई अशा पाच कळा: द, र, हलन्त, य, आणि काना. 'दऱ्या'साठी याच पाच कळा याच क्रमाने, फक्त 'जे' दाबताना शिफ्ट धरायची. र ऐवजी ऱ येतो आणि रफाराच्या जागी चंद्रकोरीसारखा अर्धा र उमटतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतही हेच. छापील मजकुरात 'दुसर्‍या' कुठे मोडका, कुठे चुकीच्या जोडणीने आलेला दिसतो. ऱ हे अक्षर शिफ्ट-जेवर सरळ ठेवलेले आहे हे एकदा कळले की तो प्रश्न राहत नाही.

यातून एक गोष्ट निघते. इंग्रजीपेक्षा मराठीत शिफ्ट कितीतरी जास्त लागते. ळ शिफ्टवर, ण शिफ्टवर, श शिफ्टवर, शब्दाच्या सुरुवातीचा प्रत्येक अ, आ, इ, ए शिफ्टवर. 'आणि' या तीन कळांच्या शब्दात दोनदा शिफ्ट आहे, आणि दोन्ही अक्षरे डाव्या हाताची असल्याने दोन्ही वेळा उजव्या करंगळीने ती धरायची. मराठीत दिवसभर लिहिणाऱ्याने खरे लक्ष द्यायचे ते शिफ्टकडे. त्यासाठी एक सोय संगणकात आधीपासून आहे, ती बहुतेकांना चुकून चालू झाल्यावर भेटते. शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबली की विंडोज 'स्टिकी कीज' चालू करायच्या का असे विचारते, आणि आपण घाईघाईने नाही म्हणतो. स्टिकी कीज चालू असताना शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. ती दाबून सोडायची, मग अक्षर दाबायचे. शिफ्टचा परिणाम त्या एका अक्षरापुरता होतो. एका हाताने लिहिणाऱ्या, सांधेदुखीने किंवा कंपाने त्रस्त असलेल्या माणसांसाठी ही सोय केलेली आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकांना तिच्याशिवाय संगणक वापरताच आला नसता. ज्यांची बोटे धडधाकट आहेत त्यांनीही मराठी लिहिताना ती आठवडाभर वापरून पाहावी असे मला मनापासून वाटते. दोन कळा एकत्र दाबल्या की ती आपोआप बंद होण्याचा पर्याय तेवढा काढून टाकावा, नाहीतर सवयीने कंट्रोल-सी दाबताच ती नाहीशी होते. मॅकमध्ये आणि लिनक्समध्येही ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ती सापडते.

उजव्या ऑल्टकडे अनेक मांडण्यांमध्ये तिसरा मजला असतो. तिला ऑल्ट-जीआर म्हणतात. १५ जुलै २०१० रोजी रुपयाचे चिन्ह स्वीकारले गेले, आणि विंडोजच्या इंग्रजी (भारत) मांडणीत ते उजवी ऑल्ट आणि ४ यांवर आले. ₹ साठी 'रु.' लिहिणाऱ्यांनी आपली मांडणी अमेरिकी आहे की भारतीय, ते एकदा तपासावे. यात एक गुंता आहे. विंडोज ऑल्ट-जीआरला कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबल्यासारखे मानते. त्यामुळे स्वतःचे शॉर्टकट बनवताना कंट्रोल-ऑल्ट आणि एखादा अंक किंवा अक्षर ही जोडी शक्यतो टाळावी. कंट्रोल-ऑल्ट-४ ला कुठले काम दिले, तर ₹ लिहायला गेल्यावर तेच काम होऊन बसेल.

आता प्रत्यक्ष बदल. विंडोजमध्ये पहिले काम एक गोष्ट बंद करण्याचे. डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडली की भाषा बदलते, ही जुनी सोय अजून चालू असते. वर्डमध्ये ऑल्ट-शिफ्ट धरून परिच्छेद वरखाली करायला जावे, मध्येच विचार बदलून बोट सोडावे, आणि पुढचे वाक्य भलत्याच भाषेत उमटावे, हा अनुभव अनेकांना येतो. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'टायपिंग', त्यात 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज', आणि तिथे 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' अशी ती जागा आहे. मग मायक्रोसॉफ्टचे पॉवरटॉइज हे मोफत साधन घ्यावे. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये कॅप्स लॉक निवडून तिच्या जागी विंडोज-स्पेस ही जोडी द्यावी. एवढ्यावर कॅप्स लॉक भाषेची कळ होते. पॉवरटॉइज चालू असेल तेवढाच वेळ हा बदल टिकतो, त्यामुळे लॉगिनच्या पडद्यावर तो नसतो. ज्यांना कॅप्स लॉकची साधी कंट्रोल करायची आहे आणि ती लॉगिनलाही हवी आहे त्यांनी रजिस्ट्रीतल्या 'स्कॅनकोड मॅप'कडे जावे. तिथे कॅप्स लॉकचा क्रमांक ५८ आणि डाव्या कंट्रोलचा २९, सोळाच्या पद्धतीत ३ए आणि १डी, असे जोडून लिहायचे असते. शार्पकीज हा छोटा प्रोग्रॅम ते लिहून देतो. मात्र हा बदल त्या संगणकाच्या सगळ्या वापरकर्त्यांना लागू होतो आणि त्याला प्रशासकाचे अधिकार लागतात. सामायिक संगणकावर तो करू नये. विंडोज-एल आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट यांना पॉवरटॉइज हात लावू शकत नाही. सुरक्षेसाठी त्या राखलेल्या आहेत, आणि ते बरोबरच आहे.

मॅकवर भाषेचे काम कॅप्स लॉकला देण्याचा पर्याय सेटिंग्जमध्येच आहे. कळ पटकन दाबली की भाषा बदलते, जरा जास्त वेळ धरली की कॅप्स लॉक लागते. विंडोजचा कीबोर्ड मॅकला जोडणाऱ्यांनी 'मॉडिफायर कीज'मध्ये जाऊन त्या कीबोर्डापुरती ऑप्शन आणि कमांड यांची अदलाबदल करावी, नाहीतर स्पेसबारशेजारची ऑल्ट ऑप्शनचे काम करते आणि अंगठ्याची सवय फुकट जाते. मॅकची मला आवडलेली गोष्ट म्हणजे मेनूतल्या कोणत्याही ओळीला आपला शॉर्टकट देता येतो, मग तो प्रोग्रॅम कोणाचाही असो. अट एकच. मेनूत जसे लिहिले आहे तसेच, शेवटच्या तीन टिंबांसकट, नाव टाकायचे. लिनक्सवर केडीई आणि जीनोम दोन्हींमध्ये कॅप्स लॉकसाठी तयार पर्यायांची लांबलचक यादी मिळते, त्यात भाषा बदलण्याचाही.

मग कॅप्स लॉक भाषेला द्यावी की कंट्रोलला? प्रोग्रॅम लिहिणारे कंट्रोल म्हणतील. मराठी-इंग्रजी मिसळून लिहिणाऱ्याने माझ्या मते भाषेला द्यावी. पण दोन्हीही साधता येते. मॅकवरचे कॅराबिनर-एलिमेंट्स, लिनक्सवरचे कीडी आणि विंडोजवरचे ऑटोहॉटकी ही साधने कळ टिचकी मारून सोडली की धरून ठेवली, हे ओळखतात. टिचकीला भाषा, धरली तर कंट्रोल. हे ओळखण्यासाठी त्यांना क्षणभर थांबावे लागते. कीबोर्डच्या आतच चालणाऱ्या क्यूएमके या फर्मवेअरमध्ये ही मुदत मुळात २०० मिलिसेकंद असते. वेगाने लिहिणाऱ्याला कधी टिचकीची कंट्रोल झालेली दिसते, कधी कंट्रोलची टिचकी. मुदत थोडी कमी-जास्त करून आपल्या हाताची चाल शोधावी लागते. अक्षरांच्या कळांवर हा प्रयोग करू नये, कारण तिथे बोटे एकमेकांवर चढतच चालतात. कॅप्स लॉक त्यासाठी आदर्श, कारण तिच्यावर कुठले अक्षरच नाही.

आणखी एक गोष्ट हाताशी ठेवण्यासारखी आहे. बहुतेक कीबोर्डांवर एफ-१२ पर्यंतच कळा दिसतात, पण यूएसबीच्या क्रमांकांत एफ-१३ ते एफ-२४ याही आहेत, आणि त्यांना फारसे कोणी काम दिलेले नसते. नको असलेल्या कळेला एफ-१९ केले आणि मग एफ-१९ ला हवा तो शॉर्टकट दिला, तर कुठल्याही प्रोग्रॅमशी भांडण होत नाही.

वर्डमध्ये शॉर्टकट बदलायला 'कस्टमाइझ रिबन'च्या खाली कीबोर्डचे बटण आहे, लिब्रऑफिसमध्ये 'टूल्स'मधले 'कस्टमाइझ'. पुस्तकाचे काम करणाऱ्यांनी शीर्षक, उपशीर्षक, अवतरण अशा शैलींना तिथे कळा द्याव्यात. वर्डमध्ये एखाद्या चिन्हालाही शॉर्टकट देता येतो. अवग्रह ऽ, लांब डॅश, ॐ, जे वारंवार लागते त्याला. जुन्या फाँटच्या काळात ऑल्ट धरून नंबर पॅडवर आकडे मारून जोडाक्षरे काढणाऱ्या ऑपरेटरांना ही चैन वाटेल. सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी मात्र निकाल लागेपर्यंत कीबोर्डला हात लावू नये, कारण परीक्षेच्या संगणकावर मांडणी जशी असेल तशीच मिळते.

कचेरीच्या संगणकावर काही बसवायची परवानगी नसते, ही अनेकांची खरी अडचण. तिथे क्यूएमके चालणारा कीबोर्ड उपयोगी पडतो. बदल त्याच्या स्वतःच्या चिपमध्ये राहतात, आणि संगणकाला तो साधाच कीबोर्ड वाटतो. कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल, टिचकीला एफ-१९, शिफ्ट दाबून सोडली तरी पुढच्या अक्षराला लागू होणे, हे सगळे तो आपल्याबरोबर नेतो. ळ मात्र त्याला नेता येत नाही. यूएसबीच्या क्रमांकांत देवनागरीला जागाच नाही, अक्षरे होतात ती संगणकातल्या मांडणीत. म्हणून ज्या संगणकावर बसायचे तिथे भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलेली असावी लागते. विंडोजबरोबर ती मांडणी येतेच, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही.